एक बॅटरी गाडीची, एक मुक्कामाची

फोर बाय फोर गाडीत दुसरी बॅटरी बसवण्यामागे दोन गरजा असतात. इंजिन बंद करून मुक्काम टाकल्यावर दिवे, पंखा, फ्रिज आणि मोबाइल चालले पाहिजेत आणि सकाळी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली पाहिजे. एकाच बॅटरीवर दोन्ही कामे टाकली की पहिले काम दुसऱ्याचा घास घेते. म्हणून मूळ बॅटरी फक्त गाडीसाठी राखायची, मुक्कामाचा सगळा भार जोड बॅटरीवर टाकायचा आणि इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतील पण बंद झाल्यावर एकीची वीज दुसरीत जाणार नाही अशी सोय करायची. ड्युअल बॅटरी म्हणतात ती हीच.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत फिरस्तीची गाडी बाळगणाऱ्याला ही सोय चैनीची वाटू शकते. पुण्याहून शिरूर-घोडनदीपर्यंतचा रस्ता सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत गॅरेज आहेत, धक्का मारायला चार माणसे मिळतात. पण गाड्या रस्त्यावरच राहत नाहीत. कुणी हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पाहायला पहाटे चारला पोचतो, कुणी कुकडीच्या रांजणखळग्यांकडे जातो, कुणी मोराच्या चिंचोलीच्या माळावर रात्र काढतो. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि इथल्या उसात बिबट्यांचा कायमचा वावर आहे. उसाच्या बांधावर रात्री बॅटरी बसली, तर बॉनेट उघडून मदतीची वाट पाहत उभे राहण्याची ती जागा नव्हे. स्पिती किंवा लडाखला निघालेल्या गाडीची गोष्ट तर याहून कठीण असते.

दोन बॅटऱ्यांची प्रत्येक जोडणी मात्र ड्युअल बॅटरी ठरत नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या दिसतात, त्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करण्यासाठी. तिथे दोन्ही मिळून एकच बॅटरी असते. अशा ट्रकमध्ये टेप किंवा मोबाइल चार्जर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून चालवला, की ती बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि थोड्याच काळात जोडी निकामी होते. तिथे २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टरच लावावा लागतो. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या काही ट्रॅक्टरांवर गाण्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवलेली असते. ती कल्पनेने ड्युअल बॅटरीच्या जवळची आहे, पण मधला विलगीकरणाचा भाग तिथे बहुतेक वेळा नसतो.

दुसरा गोंधळ खुद्द शिरूर तालुक्यातल्या कारखान्याशी जोडलेला आहे. रांजणगाव एमआयडीसीत फियाट इंडियाच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते आणि २०२१ पासून रँग्लरची जुळणी होते. रँग्लरच्या या पिढीत, स्टार्ट-स्टॉप असलेल्या बऱ्याच आवृत्त्यांत, मुख्य बॅटरीबरोबर एक छोटी जोड बॅटरी कंपनीच देते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होताना स्टार्टर मोठा करंट ओढतो, त्या क्षणी संगणक आणि पडद्यांचा व्होल्टेज पडू नये एवढ्यासाठी ती असते. तिच्यावर फ्रिज चालवायचा नसतो. कंपनीची जोड बॅटरी आहे म्हणून मुक्कामाची सोय झाली असे समजणाऱ्याची सकाळी फसगत होते.

ही सोय नेमकी कशी असावी याचे जुने उदाहरण दौंड जंक्शनवर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यांत सापडते. जुन्या पद्धतीच्या बिगरवातानुकूलित डब्याखाली आसावर चालणारा ४.५ किलोवॅटचा अल्टरनेटर आणि ११० व्होल्ट, १२० अँपिअर-तासांची बॅटरी असते. डबा धावताना अल्टरनेटर दिवेपंखे चालवतो आणि बॅटरी भरतो. मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला बराच वेळ थांबली तरी पंखे चालू राहतात ते त्या बॅटरीवर. गाडी ओढण्याचे काम इंजिनाचे आणि डब्यातल्या विजेची व्यवस्था स्वतंत्र, ही विभागणी तिथे मुळातच आहे. रस्त्यावरच्या गाडीत ती मागाहून करावी लागते.

बॅटरीपासून सुरुवात करायची तर आधी तिच्या कामाचा स्वभाव पाहावा लागतो. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर काही सेकंदांसाठी दोनशे-अडीचशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक ओढतो. २५० अँपिअर तीन सेकंद ओढले तर एकूण खर्च होतो जेमतेम ०.२ अँपिअर-तास. म्हणजे स्टार्टिंगला साठा फार लागत नाही, लागतो तो जोर. म्हणून स्टार्टिंग बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर असतात. मुक्कामाच्या बॅटरीचे काम उलटे: चार-पाच अँपिअरचा करंट, पण रात्रभर. स्टार्टिंग बॅटरी अशी रोज निम्म्यापर्यंत उतरवली तर पातळ प्लेटांवरचा मसाला गळतो आणि काही महिन्यांत ती बसते. डीप सायकल बॅटरीत प्लेटा जाड असतात, त्यांना खोल उतरणे सोसते.

इथे दुकानात पहिला सल्ला मिळतो तो घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी डिकीत टाकण्याचा. ती खोल उतरणे सोसते हे खरे, आणि शिरूर-दौंडच्या भारनियमनाने ती घरोघरी पोचवली आहे हेही खरे. पण ती उंच आणि जड असते, तिच्यात ॲसिड मोकळे असते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. बंद केबिनमध्ये माणसे झोपलेली असताना ही बॅटरी तिथे नसावी. गाडीच्या आत ठेवायची तर सीलबंद एजीएम किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट, हे दोनच पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत.

एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, त्यामुळे ते सांडत नाही. १०० अँपिअर-तासांच्या एजीएमचे वजन तीस किलोच्या आसपास असते आणि टिकाऊपणा हवा तर तिच्यातला निम्माच साठा वापरायचा असतो. लिथियमची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी बारा-तेरा किलोंची, तिच्यातला ऐंशी टक्के साठा बिनधास्त वापरता येतो आणि ती भरतेही झपाट्याने. तिच्या दोन अडचणी आहेत. बॉनेटखालची उष्णता तिला चालत नाही आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही. चांगल्या बॅटरीतले संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, अशा वेळी चार्जिंग तोडते. जानेवारीत स्पितीतल्या काझाला गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली तर सकाळी केबिन तापेपर्यंत लिथियम बॅटरी चार्ज घेणार नाही. दौंडच्या माणसाला हा प्रश्न घराजवळ कधीच पडत नाही, म्हणून तो खरेदीच्या वेळी विसरला जातो.

क्षमता ठरवायची ती भाराच्या हिशोबाने. मे महिन्यातला एक पूर्ण दिवस आणि रात्र धरू. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना सुमारे चार अँपिअर ओढतो आणि या दिवसांत निम्मा वेळ चालतो. चोवीस तासांचे झाले ४८ अँपिअर-तास. दोन एलईडी दिवे पाच तास, पाच. तीन मोबाइल, चार. कॅमेरा आणि लॅपटॉप मिळून सहा. दहा वॅटचा पंखा रात्रभर, सात. बेरीज सत्तर. एजीएम घ्यायची तर १४० अँपिअर-तासांची लागेल, लिथियम १०० ची पुरेल. हिवाळ्यात भिगवणला हाच फ्रिज एकतृतीयांश वेळ चालतो, पंखा लागत नाही, आणि गरज पन्नासच्या खाली येते. या हिशोबात चहाची किटली नाही, कारण ती बसत नाही: इन्व्हर्टर लावून हजार वॅटची किटली चालवली तर बॅटरीतून नव्वदहून अधिक अँपिअर निघतात आणि दहा मिनिटांत पंधरा अँपिअर-तास संपतात. चहाला गॅसचा छोटा स्टोव्हच बरा, आणि तोही गाडीबाहेर.

पण क्षमतेवर जेवढी चर्चा होते तेवढी चार्जिंगवर होत नाही, आणि खरा प्रश्न तिथे असतो. मोठी बॅटरी विकत घेता येते. ती रोज पूर्ण भरणे अवघड. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला जायला तास-सव्वा तास लागतो. पंचवीस अँपिअरच्या चार्जरने तेवढ्या वेळात पंचवीस-तीस अँपिअर-तास भरतात. दिवसरात्रीत सत्तर खर्च झाले असतील तर एवढ्या प्रवासाने निम्मेही भरून निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी तूट वाढते. एजीएम किंवा कोणतीही शिशाची बॅटरी अशी अर्धवट भरलेली राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतो आणि क्षमता कायमची घटते. दोनशे अँपिअर-तासांची उपाशी बॅटरी शंभरच्या भरलेल्या बॅटरीपेक्षा लवकर मरते.

दोन बॅटऱ्यांमधला दुवा चार प्रकारांनी बांधता येतो. हाताने फिरवायचा मोठा स्विच सर्वांत स्वस्त, आणि तो बंद करायला विसरलेल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरतात. साधा रिले इग्निशनवर जोडला तर चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधीच, तो दोन्ही बॅटऱ्या एकत्र करतो. मग स्टार्टर जोड बॅटरीतूनही करंट ओढतो आणि मधला फ्यूज उडतो. त्यापेक्षा व्होल्टेज ओळखणारा रिले बरा. मुख्य बॅटरीचा व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेला की तो जोडतो, १२.८ च्या खाली आला की तोडतो. जुनी बोलेरो, जुनी थार, ज्यांचा डायनामो (अल्टरनेटरला गॅरेजमध्ये अजून हेच नाव आहे) इंजिन चालू असेपर्यंत चौदाच्या वर व्होल्टेज धरून ठेवतो, त्यांना एजीएमबरोबर हा रिले पुरतो.

नव्या गाड्यांत तो अपुरा पडतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाली आणि इंधन वाचवण्यासाठी संगणकाच्या तालावर चालणारे स्मार्ट अल्टरनेटर अनेक गाड्यांत आले. मुख्य बॅटरी पुरेशी भरली की हा अल्टरनेटर व्होल्टेज साडेबारापर्यंतही खाली आणतो. तेव्हा व्होल्टेज पाहणाऱ्या रिलेला वाटते इंजिन बंद झाले, आणि तो जोड बॅटरी तोडून टाकतो. गाडी दिवसभर चालते, मागची बॅटरी रिकामीच राहते. अशा गाडीला, आणि कोणत्याही गाडीत लिथियमला, डीसी-डीसी चार्जर लागतो. आत येणारा व्होल्टेज कमी-जास्त असला तरी तो बॅटरीला हवा तेवढा, उदाहरणार्थ १४.४ व्होल्ट, आणि ठरावीक करंट देतो. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत त्याला इग्निशनची वेगळी वायर द्यावी लागते, म्हणजे इंजिन चालू आहे हे तो व्होल्टेजवरून न ताडता त्या वायरवरून ओळखतो. लिथियम सरळ रिलेने जोडण्याचा धोका वेगळाच आहे: तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती अल्टरनेटर देईल तेवढा करंट पिते, आणि वाघोलीच्या कोंडीत कमी आरपीएमवर, पंखा हळू फिरत असताना, अल्टरनेटर तापून जळू शकतो.

आता वायर. गाडीचे काम सर्वांत जास्त वेळा फसते ते इथे, कारण वायर झाकली जाते आणि तिचा दोष दिसत नाही. बॉनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत वायरचा रस्ता पाच मीटर होतो. जाणारी आणि येणारी मिळून दहा मीटर. पंचवीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आत बत्तीस अँपिअरच्या आसपास ओढतो. घरगुती फिटिंगची सहा स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर वाटेत ०.९ व्होल्ट हरवतात. सोळा स्क्वेअरमध्ये ०.३५, पंचवीसमध्ये ०.२२. रिलेच्या जोडणीत सहाची वायर म्हणजे पुढे १४.२ असताना मागे १३.३ पोचणार, आणि तेवढ्यावर शिशाची बॅटरी प्रवासाच्या वेळात पूर्ण भरत नाही. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याला वरच्या अंगाला पाणी भरपूर दिसते आणि इंदापूरच्या टेलला शेतकरी पाण्याची वाट पाहत बसतो, तसे हे आहे. बारीक तारांची वेल्डिंग केबल सहज वाकते, जाड मिळते आणि तालुक्याच्या गावातही सापडते. फक्त तिचे आवरण बॉनेटमधल्या उष्णतेला आणि तेलाला टिकणारे आहे का हे विचारून घ्यावे, आणि वर फ्लेक्सिबल पाइप घालावा.

केबलच्या टोकाला लग (बोल्टात बसणारे धातूचे टोक) बसवतात तो पंच करूनच. पक्कडीने चेपलेला किंवा हातोडीने ठोकलेला लग वर्षभर चालतो, मग खड्ड्यांनी सैल होतो, तापतो, प्लास्टिक वितळवतो. षटकोनी डाय असलेले पंचिंग टूल पॅनेल बनवणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे असते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसींमुळे असे कारागीर या दोन तालुक्यांत दुर्मिळ नाहीत. पंच केलेला लग हाताने जोर लावून ओढून पाहावा. तो किंचितही हलला तर कापून नवा लावावा. वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. निगेटिव्हसाठी बॉडी अर्थ घ्यायचा तर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट कसावा आणि नंतर व्हॅसलिन लावावे. नव्या गाडीत मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. जोड वायरिंगचा निगेटिव्ह त्या सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडायचा असतो. थेट बॅटरीच्या टोकावर जोडला तर गाडीच्या संगणकाचा हिशोब चुकतो.

फ्यूज दोन लागतात, दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतराच्या आत. पुष्कळदा एकच बसवतात, पुढे. पण या केबलला दोन्ही टोकांनी वीज आहे. मधे कुठे ती घासून बॉडीला टेकली तर पुढचा फ्यूज उडेल आणि मागची बॅटरी आपला सगळा जोर त्या टेकलेल्या जागेत ओतत राहील. गाडीला आग लागायला तेवढे पुरते. फ्यूजचे काम केबलला वाचवण्याचे आहे, म्हणून त्याचा आकडा केबलला सोसणाऱ्या करंटच्या आत हवा. पंचवीस अँपिअरच्या चार्जरला बहुधा चाळीसचा लागतो. मागे फ्रिज, दिवे, पंखा यांना वेगळे छोटे फ्यूज आणि फ्रिजला जाड स्वतंत्र वायर. सिगारेट लायटरच्या मूळ सॉकेटवर फ्रिज लावला की त्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतो आणि फ्रिज अर्ध्या रात्री बंद पडतो. दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

बॅटरी कुठे ठेवायची याचा निर्णय उष्णतेवर होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जुना ठोकताळा आहे. शिरूर-दौंड पट्ट्यात मे महिन्यात हवाच चाळिशीला टेकते, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मागची जागा बरी. पण तीस किलोंची बॅटरी मागे ठेवली तर ती प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधून चालत नाही. अचानक ब्रेक लागला किंवा गाडी उलटली तर ती पुढच्या सीटपर्यंत येते. लोखंडी ट्रे, वरून क्लॅम्प, खाली गाडीच्या मूळ मजबूत भागात बोल्ट. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठून गेले आहेत ते पाहावे. गाडीवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटऱ्या सोडवाव्यात.

कायद्याच्या बाजूने मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. जोड बॅटरीने तो तपशील सहसा बदलत नाही, पण वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न उरतो. मूळ वायरिंग न कापता, वेगळ्या फ्यूजने, सोडवता येईल अशी जोडणी ठेवणे आणि कामाचे पक्के बिल जपणे हे शहाणपणाचे. वॉरंटीतल्या गाडीसाठी डीलरचे मत लेखी घ्यावे.

लांब मुक्कामाला सौर पॅनेल हाच आधार. दख्खनच्या स्वच्छ उन्हात शंभर वॅटचे पॅनेल दिवसाला चारशे वॅट-तासांच्या आसपास, म्हणजे तीसेक अँपिअर-तास देते. हिवाळ्यात जवळजवळ फ्रिजपुरते. पावसाळ्यात ते धरू नये. बऱ्याच डीसी-डीसी चार्जरना सौर पॅनेलसाठी वेगळे तोंड असते, मग दुसरा कंट्रोलर लागत नाही. पॅनेल टपावर कायम बसवले तर गाडी उन्हात उभी करावी लागते आणि आतली माणसे भाजतात. घडीचे, लांब वायरचे पॅनेल उन्हात आणि गाडी लिंबाच्या सावलीत, ही मांडणी या भागात जास्त उपयोगी ठरते.

काम झाल्यावर मल्टिमीटरने तपासणी करायची. रात्रभर उभ्या गाडीत मूळ बॅटरी १२.६ च्या आसपास हवी, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. इंजिन सुरू करून दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर व्होल्टेज मोजावा. चार्जर पूर्ण भाराने चालू असताना मीटरचे एक टोक पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे चार्जरच्या आत येणाऱ्या पॉझिटिव्हवर ठेवले की वायरीत किती हरवते ते थेट दिसते. मग प्रत्येक लग आणि फ्यूज होल्डर हाताने चाचपावा. जो गरम लागेल तो जोड पुन्हा करायचा. शेवटी इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे, कारण गाडीचे संगणक झोपायला तेवढा वेळ घेतात, आणि मागे फ्रिज चालू ठेवून पुढच्या बॅटरीचा व्होल्टेज रात्रभरात घसरत नाही याची खात्री करावी. ही एक रात्र घराच्या अंगणात काढावी.

लिथियमच्या बाबतीत व्होल्टेजवरून साठा कळत नाही. नव्वद टक्क्यांपासून तीसपर्यंत आकडा फारसा हलत नाही. तिथे शंट बसवून करंट मोजणारा मॉनिटर लागतो. आणि मूळ बॅटरी बसलीच तर मागच्या बॅटरीने गाडी सुरू करता येईल हे गृहीत धरू नये: एजीएमने जम्पर केबल लावून जमते, पण लिथियमचा बीएमएस शंभर अँपिअरचा असेल तर स्टार्टरच्या पहिल्याच झटक्याला तो तोडतो.

देखभाल फार नसते. पावसाळ्याआधी आणि लांबच्या सफरीआधी बोल्ट कसणे, लगांवरची पांढरी-निळी बुरशी गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुणे, मूळ बॅटरी पाणी घालण्याच्या जातीची असेल तर डिस्टिल्ड वॉटर पाहणे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर एजीएम पूर्ण भरून ठेवावी, लिथियम मात्र निम्म्याच्या आसपास भरून सोडवून ठेवावी. जुनी शिशाची बॅटरी दुकानदार वजनावर परत घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून ती रक्कम वजा करतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्यात लिथियमही येते. भंगारवाल्याला तिची किंमत कळत नाही आणि तिचा धोकाही. फुगलेली किंवा मार लागलेली लिथियम बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी, आणि तोवर ती घरात न ठेवता बाहेर सावलीत, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी.